आबांच्या डोळ्याचा दर

“दंड लावू, की दर वाढवू? माई, दोहोंपैकी एक सांगा. मला पाचच्या बसने परत गेले पाहिजे.”

माईंनी वर पाहिले नाही. त्या कापसाच्या वाती वळीत होत्या.

मठ नदीच्या उंच काठावर होता. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि रात्रंदिवस तेवणारी एक समई. माईंनी ऐंशी ओलांडली होती. त्यांच्याकडे येणारा माणूस एक प्रश्न घेऊन येई आणि बहुधा दुसराच घेऊन परत जाई.

समोर बसलेल्या बाईंचे नाव वैजयंती. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात त्या मुख्य परिचारिका होत्या. त्यांच्या मांडीवर जाड कागदाची एक सुरळी होती. त्यांची आठ वर्षांची मुलगी चित्रा बाहेर पायरीवर बसली होती. हाक मारल्याशिवाय आत यायचे नाही, असे तिला बजावलेले होते.

“कसला दंड?” माईंनी विचारले.

वैजयंतीबाईंनी सुरळी उलगडली.

तो घरातल्या कामांचा तक्ता होता. डावीकडे कामे, त्यांच्यापुढे प्रत्येक कामाचा दर, त्यापुढे आठवड्याचे वार. रेघा पट्टीने आखलेल्या, अक्षर छापल्यासारखे. काम झाले की मुलीने त्या वाराच्या घरात लाल चांदणी काढायची. रविवारी आईने चांदण्या मोजायच्या आणि तितके पैसे मुलीच्या हातावर ठेवायचे.

“मुलीला कामाची सवय लागावी, पैशाची किंमत कळावी, एवढाच हेतू होता,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “रुग्णालयातही मी असेच तक्ते लावते. माझ्या कक्षात सोळा खाटा आहेत. बारा वर्षांत एका रुग्णाची एक गोळी चुकलेली नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“आणि तुला तेथे पगार मिळतो.”

“मिळतो.”

“म्हणजे पैसे घेऊन माणूस चोख काम करतो.”

“करतो. का करू नये?”

“मग तुझे सारे ठीकच आहे, लेकी. येथे कशाला आलीस? वाती वळायला?”

वैजयंतीबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. चारला पाच मिनिटे कमी होती.

“आबांचा डोळा…” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

आबा म्हणजे त्यांचे सासरे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. महिनाभर दिवसातून तीन वेळा डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा होता. वैजयंतीबाईंचे यजमान परगावच्या कारखान्यात. ते महिन्यातून एकदा घरी येत. सकाळचा थेंब वैजयंतीबाई स्वतः घालीत आणि कामावर जात. दुपारचा आणि संध्याकाळचा चित्रा घाली.

“आणि तिचे ते काम तू या तक्त्यात लिहिलेस.”

“लिहिले.”

“दर?”

“एका थेंबाचे दोन रुपये. सर्वांत मोठा दर तोच आहे. जबाबदारीचे काम, म्हणून.”

“आणि हे वरचे, चपला रांगेत लावण्याचे?”

“एक रुपया.”

“म्हणजे आबांचा डोळा हा दोन वेळच्या चपलांइतका.”

“माई, थट्टा करू नका. मला आज थट्टा सोसत नाही.”

“दर तुझे आहेत. मी नुसती बेरीज केली.”

वैजयंतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“ही पाहा. बुधवारपासून शनिवारपर्यंत सगळी घरे कोरी. मंगळवारी तिला हवी होती ती रंगपेटी आली. तिच्याच साठलेल्या पैशांतून घेतली. पेटी हातात पडली आणि दुसऱ्या दिवसापासून आबांच्या डोळ्यात दुपारचा थेंब नाही, संध्याकाळचा नाही. चार दिवस, माई. मला कळले रविवारी, चांदण्या मोजायला बसले तेव्हा. त्याच सकाळी आबांचा डोळा लाल झालेला होता.”

“वरच्या ओळी?”

“कोणत्या?”

“चपला. कुंड्यांचे पाणी. त्यांची घरेही कोरी आहेत?”

“नाही. तेथे चांदण्या आहेत.”

“शनिवारपर्यंत?”

“शनिवारपर्यंत.”

“दोन रुपयांचे काम सोडले आणि एका रुपयाचे धरून ठेवले…” माईंनी वात समईच्या तबकात ठेवली. “हिशेबात कच्ची दिसते पोर.”

ही गोष्ट वैजयंतीबाईंच्या लक्षात आलेली नव्हती.

“तिला कारण विचारलेस?”

“विचारले, घरे कोरी का? तर म्हणाली, ‘खाडा झाला. खाड्याचे पैसे मी मागत नाही, आई.’ ” त्यांनी तक्ता गुडघ्यावर सारखा केला. “आठ वर्षांची मुलगी, माई. आमच्या सफाई कामगारांच्या तोंडचे वाक्य.”

“पुढे विचारलेस?”

“पुढे काय विचारणार? आमच्या रुग्णालयातही खाड्याचे कारण कोणी ऐकत बसत नाही. पगार कापला जातो.”

“आणि आबा?”

“त्यांनाही विचारले. ते एवढेच म्हणाले, ‘पोरीला बोलू नकोस.’ ”

खाली नदीच्या पात्रात कोणी कपडे आपटीत होते. तो आवाज थोडा उशिराने वर येत होता.

“डॉक्टरांनी काल संध्याकाळी डोळा पाहिला,” वैजयंतीबाई सांगू लागल्या. “औषध बदलले आहे. आता दर तासाला थेंब. मी घरी पोचेपर्यंतचे आमच्या शेजारणीवर सोपवले आहेत. सहाला मी पोचते. उद्या सकाळी नऊला पुन्हा तपासणी आहे. जंतू आत उतरले असतील, तर डोळा गेला. उतरले नसतील, तर वाचला. मी असे डोळे पुष्कळ पाहिले आहेत, माई. नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, दिसेल ना?’ आणि मी म्हणते, ‘डॉक्टर सांगतील.’ काल रात्री आबांच्या उशाशी बसले होते. मनात तेच वाक्य येत होते. डॉक्टर सांगतील. डॉक्टर सांगतील…”

माई ऐकत होत्या. त्यांचे हात थांबलेले होते.

“डोळ्याची भीती आहेच. पण तिच्याहून मोठी भीती निराळीच आहे. उद्या डोळा गेला, तर तो कशाने गेला, हे मी चित्राला सांगू की नको? सांगितले, तर आठ वर्षांची पोर ते ओझे जन्मभर वाहील. न सांगितले, तर ती अशीच मोठी होईल. हवे ते मिळाले की माणसाकडे पाठ फिरवील. आणि उद्या मी अंथरुणाला खिळले, तर…”

मनात खोल दडवलेले वाक्य आता ओठांशी आले होते.

माईंनी हात पुढे केला. तळवा वर.

“दोन रुपये.”

वैजयंतीबाई गोंधळल्या. “कशाचे?”

“ऐकण्याचे. इतका वेळ ऐकते आहे. माझेही जबाबदारीचे काम आहे.”

“माई…”

“दे.”

वैजयंतीबाईंनी पिशवी उघडली. दोन नाणी काढून त्या सुरकुतलेल्या तळव्यावर ठेवली. माईंनी ती निरखून पाहिली, समईजवळ ठेवली आणि पाठ ताठ करून बसल्या.

“हं. बोल आता. उद्या तू अंथरुणाला खिळलीस, तर?”

वैजयंतीबाईंनी ओठ उघडले.

“…”

“बोल ना. पैसे घेतले आहेत मी. ऐकेन.”

“…”

“काय झाले?”

“काही नाही.” त्यांनी पदराने कपाळ पुसले. त्यांचा स्वर आता कोरडा होता. “राहू द्या. आता सांगावेसे वाटत नाही.”

“का गं? मी तीच. कानही तेच.”

वैजयंतीबाई त्या दोन नाण्यांकडे पाहत राहिल्या.

मग माईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली.

“चित्राबाई, आत या.”

चित्रा आत आली. ती आईपासून दूर, खांबाला टेकून उभी राहिली.

“वाचता येते तुला?”

“येते. मी तिसरीत आहे.”

“मग हा कागद वाचून दाखव. मला तो ऐकायचा आहे.”

चित्राने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. चित्रा तक्त्याशी बसली आणि शाळेत वाचतात तशी, प्रत्येक ओळीनंतर थांबत, मोठ्याने वाचू लागली.

“चपला रांगेत लावणे, एक रुपया. कुंड्यांना पाणी घालणे, एक रुपया. ताटे मांडणे, एक रुपया. केराची बादली बाहेर ठेवणे, दीड रुपया. आबांचा डोळा, दोन रुपये.”

वैजयंतीबाईंनी तो तक्ता स्वतः लिहिला होता. तो मोठ्याने वाचलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

“शेवटची ओळ केराच्या बादलीखाली का?” माईंनी विचारले.

“ती आईने नंतर लिहिली,” चित्रा म्हणाली. “आधी नव्हती.”

“मग आधी आबांच्या डोळ्यात थेंब कोण घाली?”

“मीच.”

“फुकट?”

चित्राला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “शाळेतून आल्यावर.”

“शाबासकी म्हणून लिहिली मी ती ओळ,” वैजयंतीबाई हळूच म्हणाल्या. “पहिला आठवडा तिने न सांगता, न चुकता थेंब घातले. मला फार कौतुक वाटले, म्हणून…”

माईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. “चित्राबाई, थेंब घालताना आबा काही म्हणत असतील.”

“म्हणत. ‘आल्या का आमच्या डॉक्टरीणबाई,’ असे म्हणत. थेंब घातला की दहा मिनिटे डोळा मिटून पडायचे असते. तेव्हा मी त्यांच्याजवळ बसत असे. ते माझा हात धरून ठेवीत आणि म्हणत, ‘दहा मिनिटे झाली की सांग. मला अंधारात घड्याळ दिसत नाही.’ झाली तरी मी सांगत नसे. त्यांना कळत असे, पण ते काही म्हणत नसत.”

“आणि ओळ लिहिल्यावर?”

“मग म्हणत, ‘झाले. जा, चांदणी काढ.’ ”

“हात?”

“मग नाही धरला.”

वैजयंतीबाईंनी डोळे मिटले.

“बुधवारी काय झाले?” माईंनी विचारले.

चित्राने तक्त्याच्या कडेवरून बोट फिरवले. “मी बाटली घेऊन गेले. आबा म्हणाले, ‘तुझी रंगपेटी आली ना? आता राहू दे. माझे मी घालीन.’ मी म्हटले, मला पैसे नकोत. तर म्हणाले, ‘कोणाला फुकट राबवू नये. तुझ्या आईच्या तक्त्यात ते बसत नाही.’ ”

“मग?”

“मग त्यांनीच घातला. त्यांचा हात हलतो. थेंब गालावर पडला. मी पुसायला गेले, तर हसले आणि म्हणाले, ‘पुसण्याचा दर नाही गं त्यात.’ ”

“रोज असेच?”

“रोज. मी बाटली नेली की घेत आणि मला जा म्हणत.”

“बाटलीचे टोक डोळ्याला लागत होते का?” वैजयंतीबाईंनी एकदम विचारले. तो प्रश्न आईचा नव्हता, परिचारिकेचा होता. पण त्यांचा रंग उडाला होता. “चित्रा, नीट आठव. टोक डोळ्याला लागत होते?”

“कधी कधी… लागत होते.”

टोक लागले म्हणजे जंतू बाटलीत आणि बाटलीतून डोळ्यात. थेंब चुकला, एवढेच वैजयंतीबाई कालपासून धरून चालल्या होत्या. आता उद्याचे नऊ वाजणे आणखी जवळ सरकले.

“हे तू मला का सांगितले नाहीस?”

“तू विचारलेस, घरे कोरी का? मी चांदणी काढली नाही, म्हणून कोरी. थेंब मी घातला नव्हता ना. मग चांदणी कशी काढणार? ते खोटे झाले असते.”

“आणि चित्राबाई,” माई म्हणाल्या, “रंगपेटीतला कोणता रंग आधी संपला?”

“एकही नाही. मी ती उघडलीच नाही.”

समईची वात तडतडली. माईंनी ती सारखी केली.

“हा कागद घरात कोठे लावतेस?” हा प्रश्न वैजयंतीबाईंना होता.

“स्वयंपाकघराच्या भिंतीवर.”

“कोणत्या?”

वैजयंतीबाईंना उत्तर द्यायला वेळ लागला. “आबा जेवायला बसतात… त्यांच्या समोरच्या.”

“त्यांना वाचता येतो?”

“डाव्या डोळ्याने येतो.”

“दोन वेळा जेवतात?”

“हो.”

“म्हणजे दोन वेळा वाचतात.”

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली.

“आबांचा उद्योग कोणता होता?”

“शिंपी होते. बाजारपेठेत चाळीस वर्षे दुकान होते.”

“म्हणजे दुकानात दरांची पाटी असेल.”

“होती. त्यांच्याच अक्षरात. सदरा, लेंगा, चोळी, परकर… प्रत्येकापुढे दर. उधारी नाही, घासाघीस नाही. दरांच्या बाबतीत आबा फार कडक होते. मला तक्त्याची हौस आहे ना, ती पाहून ते म्हणायचे, ‘सून माझ्या वळणावर गेली आहे.’ ”

“झबल्याचा दर काय होता?”

“झबल्याचा…”

वैजयंतीबाई थांबल्या. बोलताना त्यांची नजर तक्त्यावर होती. ती आता तेथून हलेना.

“पाटीवर ‘झबले’ हा शब्द लिहिलेला होता,” त्या सावकाश म्हणाल्या. “पुढची जागा कोरी होती.”

“विसरले असतील.”

“लोकही तेच म्हणत. ‘आबा, येथे दर लिहायचा राहिला.’ ते म्हणत, ‘सुचला की लिहितो.’ गावात मूल जन्मले की झबले-टोपडे आबांच्या दुकानातून जाई. शिलाई ते कोणाचीच घेत नसत. दुकान बंद केले, तेव्हा मीच पाटी उतरवली. तोवर ती जागा तशीच होती. आमच्या चित्राचे झबलेही…”

या वेळी माईंनी हात पुढे केला नाही.

चित्रा आईजवळ सरकली. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आई, आबांना दिसेल ना?”

वैजयंतीबाईंच्या ओठांवर ते वाक्य आले. डॉक्टर सांगतील. बारा वर्षे ते आपोआप येत असे. आता ते आले आणि परत गेले.

“मला माहीत नाही, बाळ,” त्या म्हणाल्या.

उताराखाली बसचा भोंगा वाजला. बस नदीच्या वळणावर आली की चालक तो वाजवी. तेथून थांब्यापर्यंत तिला दहा मिनिटे लागत. वैजयंतीबाई उठल्या. त्यांनी तक्त्याची घाईघाईने सुरळी केली, चित्राचा हात धरला आणि माईंना वाकून नमस्कार केला. दोन नाणी समईजवळ तशीच पडून होती. ती कोणी उचलली नाहीत.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या.

“हा तक्ता फाडून टाकू का, माई?”

“चपलांनी काय पाप केले आहे?”

“मग या ओळीचे काय करू?”

“इकडे आण.”

वैजयंतीबाईंनी परत येऊन तक्ता माईंपुढे धरला. माईंनी समईच्या काठावरची काजळी अंगठ्याला लावली. मग चित्राला म्हणाल्या, “आबांची ओळ कोणती? माझा अंगठा तेथे ने.”

चित्राने तो म्हातारा अंगठा दोन्ही हातांनी धरला, केराच्या बादलीवरून खाली आणला आणि आबांच्या ओळीत नेला. माईंनी तो दराच्या घरात दाबला. अंगठा उचलला, तेव्हा तेथे एक काळा गोल होता. आकडा दिसेनासा झाला होता.

भोंगा पुन्हा वाजला. या वेळी जवळून.

“दंड नाही, वाढ नाही,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “मग तेथे काय लिहू? तेवढे सांगा. मी जाते.”

माई पुन्हा वाती वळू लागल्या होत्या.

“मला काय विचारतेस? घरात चाळीस वर्षे दर लिहीत आलेला माणूस आहे. त्याला विचार… आणि सहाचा थेंब घालतानाच विचार. उद्या नऊला डोळ्याचे काय ते कळल्यानंतरचा दर निराळा असेल.”